वाजवणाऱ्याला काय म्हणायचं?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या भरात सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



आयोजकांनी फोन केला तेव्हा त्यांनी मला विषयही देऊन टाकला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण'. मी तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा दुसरं काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. मी म्हटलं, बोलते, पण विषय माझा. त्यांनी विचारलं, कोणता? मी म्हटलं, वाजंत्री. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं, पण वीस मिनिटांत आवर, नंतर जेवण आहे."

तर वीस मिनिटं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या ऑफिसात एक काम आलं. लग्नकार्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी मोबाइलवरून ठरवता येतील असं ॲप करायचं होतं. हॉल, केटरर, फुलवाला, फोटोग्राफर, सगळं. आधी ते इंग्रजीत झालं आणि मग सात भारतीय भाषांत करायचं ठरलं. मराठीची यादी तपासायला माझ्याकडे आली, कारण त्या टीममध्ये मराठी शाळेत शिकलेली मी एकटीच. यादीत म्युझिशियन या शब्दापुढे छापलं होतं 'संगीतकार'.

मी त्यावर लाल खूण केली. आपल्याकडे संगीतकार म्हणजे चाल लावणारा. सुधीर फडके संगीतकार, हृदयनाथ मंगेशकर संगीतकार. वरातीत पुढे चालणारा, गालाचे फुगे करून ट्रम्पेट फुंकणारा माणूस संगीतकार नव्हे. ॲपवर कुणी आपल्या लेकीच्या लग्नासाठी चार संगीतकार बुक केले तर ते चौघे मांडवात बसून एकमेकांच्या चाली नापसंत करतील, असं मी त्या टिपणात लिहिलंही. टीममधला चेन्नईचा मुलगा हसला आणि म्हणाला, "ठीक आहे मॅडम, मग बरोबर शब्द सांगा."

आणि मला सांगता येईना.

वादक म्हणावं तर गाणारे बाहेर राहतात. कलाकार म्हणावं तर त्यात सिनेमातला नट येतो, चित्रकारही येतो. कलावंत हा शब्द छान आहे, पण त्याच्यामागे एक इतिहास आहे, त्याच्याकडे मी नंतर येते. गायक-वादक असा जोडशब्द पडद्यावरच्या त्या बारक्या चौकटीत मावत नव्हता. संध्याकाळपर्यंत तो रकाना रिकामाच राहिला. रात्री मी सफाळ्याला बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, जो गातो-वाजवतो त्या सगळ्यांना मिळून मराठीत एक शब्द काय?

बाबा म्हणाले, "कुठं वाजवतो ते आधी सांग, बाय. मग शब्द सांगतो."

आता माझे बाबा तुम्हां सगळ्यांना माहीत आहेत. शाळेत असताना मी माझ्या परीने ते लपवून ठेवलं होतं, पण सफाळ्यासारख्या गावात असलं काही लपत नाही. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी दरवर्षी 'नोकरी' असं लिहायचे. ते खोटं नव्हतं. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जात. पण नोव्हेंबर ते मे त्यांची खरी पाळी वेगळी असायची. बॅंडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि हातात ट्रम्पेट. आमच्या घरात आजोबा सनई, बाबा ट्रम्पेट आणि मी कीबोर्ड, तोही संगणकाचा. गावगाड्यात दारापुढे वाजवण्याचं काम ठरावीक घरांकडे असायचं, आमचं घर त्यातलं. यापेक्षा जास्त फोड करून सांगायला नको, तुम्ही इथलेच आहात.

बाबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कुठं वाजवतो? मग मी शब्द गोळा करायला लागले, ऑफिसच्या कामासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त.

पहिल्यांदा आठवली आपली गाडी. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली, त्याच्या आधीची शटल तुम्हाला आठवत असेल. सकाळच्या गाडीत एका डब्यात भजनी मंडळ असायचं, अजूनही असतं. त्यात मधोमध बसणारा तो बुवा. ऑफिसात तो कारकून असेल, गिरणीत फिटर असेल, पण वैतरणेच्या पुलावर तो बुवा. त्याच्या शेजारी पखवाज घेऊन बसलेला तो पखवाजी, आणि बाकी सगळे टाळकरी. एखाद्याच्या हातात टाळ नसेल आणि तो जेवणाच्या डब्यावर ठेका धरत असेल, तरी तोही टाळकरीच.

आणि विणेकरी. हा शब्द मला शाळेत कधीच कळला नव्हता. मला वाटायचं विणेकरी म्हणजे वीणा वाजवणारा. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसायचा तेव्हा आमचे शेजारी पहाटे तीनला उठून देवळात जायचे, कारण विण्याचा पहारा त्यांचा असायचा. सप्ताहाचे सात दिवस ती वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात. तार छेडता आली तर उत्तम, नाही आली तरी चालतं. वीणा उभी राहिली पाहिजे एवढंच. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. आमच्याकडे सर्व्हर बंद पडू नये म्हणून रात्रीची जबाबदारी पाळीने देतात, तिला ऑन-कॉल म्हणतात. माझा नंबर असला की रात्री फोन उशाशी ठेवून झोपते. मी एकदा आमच्या साहेबांना सांगितलं की आमच्या गावात हे फार वर्षांपासून चालतं आणि त्याचा भत्ताही कुणी मागत नाही. भत्त्याचं वाक्य मी बोलायला नको होतं.

टाळकरी, विणेकरी, पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहून सूर धरणारा झीलकरी. हे सगळे 'करी'. शेतकरी, वारकरी, गावकरी यांच्या ओळीतले. बाबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. टाळकऱ्याला कुणी सुपारी देत नाही." सुपारी म्हणजे बॅंडवाल्यांच्या भाषेत कामाचं बुकिंग, हल्ली सिनेमात वेगळ्याच अर्थाने येते. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला सुपारी द्यावी लागते त्याला 'वाला' लागतो. बॅंडवाला, सनईवाला, पेटीवाला, ताशेवाला. भाजीवाला, दूधवाला तसा. पैसे दिले, वाजवून घेतलं, संपलं. आणि ज्याला हार घालायचा असतो त्याला 'वादक' लागतो. एकच पेटी. तमाशात किंवा भजनात तिच्यापुढे बसला तर पेटीवाला, शिवाजी मंदिरात बसला तर संवादिनीवादक.

तबल्याचंही तेच. जुन्या लिखाणात तबलजी हा शब्द सर्रास आहे. शेवटी 'जी' ऐकू येतो, म्हणून मानाचा वाटतो. पण आज एखाद्या तबलावादकाला तबलजी म्हणून बघा. तबला वाजवणारे फार काळ कोठ्यावर आणि मैफिलीत मागे बसले, आणि ती मागची जागा त्या शब्दाला चिकटली. अहमदजान थिरकवाँसारखा माणूस बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत साथीला होता. पुढे १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं, तोवर वर्तमानपत्रांत तबलानवाज, तबलावादक असे शब्द येऊ लागले होते. पुढे अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांनी तर तबला पुढेच आणून ठेवला. वाद्य तेच, बोल तेच, फक्त बसायची जागा बदलली आणि शब्द बदलला.

सनईचं तर मला विशेष वाटतं, आजोबांमुळे. सनई ही दारावरची. देवळाच्या नगारखान्यात, वाड्याच्या दरवाज्यावर, मांडवाच्या तोंडाशी. आत नाही. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ती मैफिलीच्या मधोमध आणली, आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. त्या दिवशी टीव्हीवर बातमी बघताना आजोबा म्हणाले होते, "आमच्यातला." ते धर्माबद्दल किंवा जातीबद्दल बोलत नव्हते. दारावर उभं राहून वाजवणाऱ्यांबद्दल बोलत होते.

हे सगळं आपोआप झालेलं नाही, हेही सांगायला हवं. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर १९०१ साली लाहोरला गेले आणि तिथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणाऱ्या माणसाला समाजात प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. परीक्षा, पदव्या, विद्यार्थी, सगळं शाळेसारखं. आज आपल्या मुली संगीत विशारद होतात ती वाट तिथून निघाली. गवई हा शब्द मागे पडत गेला आणि पंडित पुढे आला. मला स्वतःला गवई आवडतो. त्या शब्दात घसा, रियाज, पान-तंबाखू सगळं आहे. गवयाचं पोर रडलं तरी सुरात रडतं म्हणतात. वाजंत्र्याच्या पोराविषयी अशी म्हण माझ्या कानावर आलेली नाही, आणि मी रडायचे ते सुरात नव्हतं, आई साक्ष देईल.

बायकांच्या शब्दांची गोष्ट आणखी अवघड. मघाशी कलावंत म्हटलं ना, ते हेच. कलावंत पुरुषाला लावलं की मान, आणि त्याचंच स्त्रीलिंग कलावंतीण केलं की लोक आवाज खाली आणतात. गोव्यात देवळांशी बांधलेला एक अख्खा समाज त्या नावाने ओळखला जायचा, आणि मराठी संगीतातली किती मोठी नावं त्यातून आली. केरी गावच्या केसरबाई केरकर त्यातल्याच. कलकत्त्यात त्यांना 'सुरश्री' पदवी मिळाली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांच्यावर पृथ्वीवरचे आवाज भरलेली सोनेरी तबकडी आहे. भारताचा एकच गाण्याचा तुकडा त्यात घेतला, तो केसरबाईंच्या भैरवीचा. त्या यादीत त्यांचं नाव सुरश्री लावूनच लिहिलंय. म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशात आपली बाई गेली ती पदवीसकट गेली. इथे मात्र तिच्या पिढीतल्या बायकांना आपल्या नावापुढे काय लागेल याची काळजी घ्यावी लागत होती. मोगूबाई कुर्डीकर या बाई, आणि त्यांची लेक किशोरी आमोणकर या किशोरीताई. आई आणि लेक यांच्यामध्ये बाईची ताई झाली.

इतकं लांब गेले, आता घरी येते. आपल्या जिल्ह्यातला माझा सगळ्यात आवडता शब्द कोणता, तर धवलेरी. ज्यांची घरं तांदूळवाडीच्या बाजूला किंवा हमरस्त्याच्या पलीकडे आहेत त्यांना माहीत असेल. वारली लग्नात लग्न लावते ती बाई. ती गाते आणि गाण्यातून लग्न लागतं. आगरी-कोळ्यांकडे तिला धवलारीण म्हणतात, ती धवले गाते. आता या बाईला काय म्हणाल? गायिका? मग पुरोहित कोण? पुरोहित म्हणावं तर ती पोथी उघडत नाही. आणि या शब्दाला पुल्लिंग नाही. म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत लिंगाचा रकानाच नको.

हा शब्द मला ऑफिसच्या यादीच्या निमित्ताने परत भेटला आणि एकदम शाळेतला एक तास आठवला. नववीला की दहावीला आमच्या मराठीच्या सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, आद्य मराठी कवयित्री महदंबा, रचना 'धवळे'. तेराव्या शतकातली महानुभाव पंथातली बाई, तिने लग्नप्रसंगी गायची गाणी रचली, त्यांना धवळे म्हणतात. आम्ही ते एका गुणाचं उत्तर म्हणून पाठ केलं. धवळे कोणी लिहिले? महदंबेने. आणि शाळेबाहेर, त्याच मे महिन्यात, धवल्यांवर लग्नं लागत होती. आमच्या वर्गातल्या निदान चार जणींच्या घरी आजी, मावशी कुणीतरी धवले गात होत्या. त्यांच्यापैकी कुणीही हात वर करून सांगितलं नाही की सर, हे आमच्याकडे आहे. आम्हाला वाटलं पुस्तकातलं ते वेगळं, आपल्याकडचं ते वेगळं. सर आज समोर आहेत. सर, तेव्हा हात वर करायचा राहिला, तो आज करते.

दुसरा शब्द तारपकरी. भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण, आणि पुढे ताडाच्या पानांचं भलंमोठं तोंड. श्वास न तोडता वाजवायचा. नाकाने आत घ्यायचा आणि गालातला बाहेर सोडायचा, दोन्ही एकाच वेळी. बाबा ट्रम्पेटवाले, त्यांनी एकदा करून बघितलं, पाच मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकले. तारपकरी रात्रभर वाजवतो. नाचणारे त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. तारप्याचा सूर बदलला की पाय बदलतात. वारली चित्रातलं ते गोल फिरणारं वेटोळं, जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर गेलेलं, त्याच्या मधोमध तो उभा असतो. आपण ते चित्र चहाच्या कपावर, कुर्त्यावर, विमानतळाच्या भिंतीवर बघतो. त्या मधल्या माणसाला काय म्हणतात असं माझ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "म्युझिशियन."

यंदाच्या पद्मश्रीच्या यादीत आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातले भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आलं. वय नव्वदीचं. आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी एका दिवसात किती वेळा आली ते मी मोजलं नाही. तारपावादक असं सगळीकडे छापलं होतं. त्याच यादीत रघुवीर खेडकरही होते, कांताबाई सातारकरांचे चिरंजीव. त्यांच्यापुढे 'तमाशा कलावंत' असं लिहिलं होतं. तमासगीर म्हटलं की अजूनही शिवी वाटते म्हणून असेल. मी बाबांना म्हटलं, बघा, तारपकऱ्याचा तारपावादक झाला, तमासगिराचा तमाशा कलावंत झाला. बाबा म्हणाले, "होऊ दे की. पण त्यांच्या गावात त्यांना काय म्हणतात?"

मला आता जे सांगायचं आहे ते इथे सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला.

१९९५ चा मे. आपली नववीची परीक्षा झाली होती. आपल्यातल्या एकीच्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं. ती मैत्रीण आज दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिला मी आधीच विचारलंय. आम्ही सात-आठ जणी नवे ड्रेस घालून गेलो होतो. वरात आली, पुढे बॅंड, बॅंडमध्ये बाबा. बॅंडमास्तर वेगळे होते. हातात काठी घेऊन पुढे चालतात ते, मास्तर म्हटल्यामुळे त्यांना तरी थोडा मान. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव यांच्या नावातही मास्टर आहेच. बाबा मास्तर नव्हते. दुसऱ्या ओळीत उजवीकडे.

मंगलाष्टकं झाली. शेवटच्या ओळींत वाजंत्र्यांना गप्प बसायला सांगतात आणि लगेच लोक ओरडतात, वाजवा रे वाजवा. अख्ख्या लग्नात त्यांच्याविषयी बोललेलं तेवढंच. आधी गप्प बसा, मग वाजवा. मग पंगत बसली. आम्ही मुली पहिल्या पंगतीला. बॅंडवाले मांडवाच्या मागे, कुडाच्या सावलीत, टोप्या काढून बसले होते, कारण ते शेवटच्या पंगतीचे. मला बसल्या जागेवरून बाबा दिसत होते. त्यांनाही मी दिसत असणार. एकदा आमची नजर भेटली आणि मी पानात बघितलं. वाढपी जिलबी घेऊन आला. मी दोनदा घेतली.

तुमच्यापैकी कुणी मला काही बोललं नाही. 'पिपाणी' म्हणून चिडवणारी मुलंसुद्धा त्या दिवशी गप्प होती. तुम्ही सगळ्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, ते माझ्यावर उपकारच होते. त्या वयात मला तेवढंच हवं होतं.

रात्री उशिरा बाबा घरी आले. कोट काढून खुंटीला लावला, ट्रम्पेट पुसला. मला म्हणाले, "जिलबी मिळाली का गं?" मी हो म्हटलं. म्हणाले, "बरं झालं. आमच्यापर्यंत येईस्तोवर संपली होती."

एवढंच. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं की मला मिळाली का. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. मी पुढे इंजिनिअर झाले, त्या कोटाच्या पैशांतून माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या फी भरल्या गेल्या. आज पुण्यात मी राहते तिथे गणपतीत ढोल-ताशा पथकं असतात. माझ्या टीममधले चार जण पथकात आहेत. पांढरा झब्बा, फेटा, जुलैपासून नदीकाठी सराव. ते स्वतःला वादक म्हणतात, आणि त्यांचं अगदी बरोबर आहे, छान वाजवतात. आमच्या आळीतला ताशेवाला आयुष्यभर तोच ताशा वाजवून ताशेवालाच राहिला. मला पथकातल्या मुलांचा राग नाही. पण त्यांचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला तेव्हा मी बाबांचा तो लाल कोटातला एकुलता एक फोटो शोधायला लागले, आणि तो आमच्या घरात कुणीच जपून ठेवलेला नव्हता.

बाबा आता वाजवत नाहीत. पुढचे दोन दात गेले आणि ट्रम्पेट गेला, ओठांना आधारच राहत नाही. कवळी लावून बघितली, जमलं नाही. बॅंडही गेले. आधी बॅंजो पार्टी आली, मग डीजे. डीजेबद्दल मी बाबांना मुद्दाम विचारलं, त्याला वाजवणारा म्हणायचं का? मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "वाजवतोच की तो. लोक नाचतात ना?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "फक्त त्याला धाप लागत नाही."

ऑफिसच्या यादीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी एका शब्दाचा नाद सोडला. बाबांनी विचारलं होतं तोच प्रश्न पडद्यावर आधी टाकला, कुठे वाजवायचं आहे? दारात, वरातीत, देवळात, की मंचावर. दारात म्हटलं की सनई-चौघडा आणि वाजंत्री. वरातीत म्हटलं की बॅंड, बॅंजो पार्टी, ढोल-ताशा. देवळात म्हटलं की भजनी मंडळ, कीर्तनकार. मंचावर म्हटलं की गायक, वादक, निवेदकसुद्धा. चेन्नईच्या मुलाने तेच तमिळमध्ये केलं, तो म्हणाला आमच्याकडे नादस्वरमवाल्यांचं हेच दुखणं आहे. साहेबांनी विचारलं, एका शब्दाच्या जागी चार पडदे कशाला? मी म्हटलं, एका शब्दाने चुकीची माणसं येतात. ते त्यांना पटलं, कारण चुकीची माणसं आली की पैसे परत करावे लागतात.

वाजंत्री हा शब्द ठेवायचा की नको यावर मात्र मी अडले होते. मला वाटत होतं, तो वाचून कुणा वाजंत्र्याच्या मुलीला माझ्यासारखं पानात बघावंसं वाटेल. वादक केलं तर सोपं होतं. पुन्हा बाबांना विचारलं. ते म्हणाले, "वादक म्हण, नाहीतर आणखी काही म्हण. पण लग्न ठरलं की घरातली म्हातारी विचारते, वाजंत्री सांगितले का? वादक सांगितले का असं कुणी विचारत नाही. तिला आम्ही सापडलो पाहिजे." शब्द राहिला. धवलेरी मात्र त्या यादीत घातली नाही. ते माझं मीच ठरवलं. बुक करण्यातली ती गोष्ट नव्हे.

तुमच्यापाशी माझं एक काम आहे. मी एक वही घेऊन आले आहे, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवते. तुमच्या गावात, तुमच्या समाजात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांना काय म्हणतात ते लिहून द्या. एडवण, दातिवरे, माथाणे, उसरणी, मनोर, विक्रमगड, ज्याचं जे असेल ते. घांगळीवर कथा सांगणाऱ्या भगताला तुमच्याकडे काय म्हणतात, बोहाड्यात सांबळ वाजवणाऱ्याला काय म्हणतात, गौरीत फेर धरून पहिली ओळ उचलणाऱ्या बाईला काय म्हणतात. शब्द शिवीसारखा वाटत असला तरी लिहा. कुठे ऐकला आणि कोण कुणाला म्हणत होतं, तेही लिहा.

बाबा आज आलेत. तिकडे खिडकीशी निळ्या शर्टात बसलेत, आणि त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी हे सगळं इतक्या धीटपणे बोलले. जेवणात आज काय आहे ते मी सकाळीच आचाऱ्याला विचारून ठेवलंय. पहिल्या पंगतीला त्यांच्या शेजारी दोन जागा रिकाम्या ठेवा, एक माझी आणि एक दुसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीची.